बालाघाटातील ओढ्यावरचे फ्लाय फिशिंग : तिसऱ्या हिवाळ्याची नोंद

मागचे दोन हिवाळे मी पहाटे पाचला बीड सोडत असे आणि पाटोद्याकडच्या डोंगरात, मांजरेच्या उगमाच्या मुलखातील एका ओढ्यावर, उजाडायच्या सुमारास रॉड जोडून उभा राहत असे. दहा वाजेपर्यंत गळाला काहीही लागत नसे. दोष फ्लायचाच, म्हणजे गळावर पीस-धागा गुंडाळून बनवलेल्या कीटकासारख्या आमिषाचाच, असावा असे धरून मी एकामागून एक फ्लाय बदलत राही. यंदा नोव्हेंबरपासून मी ती सवय सोडली आणि दर तासाला पाण्याचे तापमान वहीत लिहू लागलो. या हंगामात जी काही प्रगती झाली, ती या वहीमुळे झाली.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील नोंद अशी आहे : सकाळी साडेसातला १५ अंश सेल्सिअस, साडेदहाला १६, दुपारी एकला १९. पाणी जेमतेम गुडघाभर आहे आणि तळाचा काळा कातळ ऊन लागताच तापू लागतो, त्यामुळे दुपारपर्यंत एवढा फरक पडतो. फ्लाय फिशिंगवरील बहुतेक लेखन ट्राउटभोवती फिरते. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा असून साधारण १० ते १६ अंशांत तो जोमाने खातो आणि चार-पाच अंशांच्या खाली गेल्यावर सुस्तावतो. ते आकडे डोक्यात ठेवून मी आपल्या ओढ्याकडे पाहत होतो, ही माझी मूळ चूक होती. आपल्याकडची खवली, चिलापी किंवा अंगावर निळसर उभे पट्टे असलेली बॅरिलियस ही उष्ण पाण्यातली मासळी आहे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर उतरते आणि त्याचे पचनही मंदावते, म्हणून ट्राउटला मानवणारे १५ अंश आपल्या माशांना हुडहुडी भरवणारे ठरतात. काठावर जाळे विणत बसलेल्या भोई काकांनी मला पहिल्याच वर्षी सांगितले होते, "उन्हं चढल्याबिगर मासा डोहातून हालत नाही, दादा." ते मी तेव्हा मनावर घेतले नाही.

(हिमाचलात हिवाळी ट्राउटचा बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की तेथे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते; तपकिरी ट्राउटचा विणीचा काळ याच थंडीत येतो.)

दुसरी अडचण निवळशंख पाण्याची. पावसाळ्याचा गढूळपणा गेलेला असतो, तळाचा प्रत्येक खडा दिसतो, आणि आपल्याला मासा दिसतो तसे त्यालाही आपण दिसतो. डिसेंबरअखेर आपल्या अक्षांशावर भर दुपारचा सूर्यही दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवरच राहतो, म्हणजे माणसाची सावली बाराच्या ठोक्यालाही जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. माझा ओढा या टप्प्यात पूर्वेकडे वाहतो. मी दोन वर्षे दक्षिण काठावर, सूर्य पाठीशी घेऊन उभा राहत होतो आणि स्वतःची सावली थेट डोहावर टाकत होतो. आता उत्तर काठाने, गुडघे टेकून पुढे सरकतो; डोळ्यांवर चकाकी येते, तिला पोलराइज्ड चष्म्याचा उपाय आहे. लीडर, म्हणजे जाड लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा पारदर्शक दोरा, साडेसात फुटांवरून बारा फुटांवर नेला आणि टिपेट, म्हणजे त्याचे फ्लायकडचे बारीक टोक, ५एक्स, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचे ठेवले. रॉड जुनाच, चार वजनाचा, म्हणजे हलक्या लाइनसाठीचा.

फ्लाय मात्र एकच : १८ नंबरच्या बिनकाट्याच्या गळावर लाल रेशमाचे सहा-सात वेढे आणि डोक्याशी गावठी कोंबड्याच्या पिसाचा एक तंतू. दगड उलटून पाहिले, तेव्हा खालच्या गाळात चिलटांसारख्या कीटकांच्या लालभडक अळ्या सापडल्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून तो रंग. थंडीत मासा भक्ष्यामागे धावत नाही. ते त्याच्या तोंडासमोरून प्रवाहाच्याच वेगाने गेले पाहिजे. लाइनचे पोट, म्हणजे तिचा मधला सैल भाग, धारेत अडकून फ्लाय ओढली गेली, तर ती फेक वाया गेली असे समजावे.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सव्वाबारा ते दोन या वेळात पाच मासे लागले. एवढे मला मागच्या अख्ख्या हिवाळ्यात मिळाले नव्हते. सगळे खळाळ संपून डोह सुरू होतो त्या पट्ट्यात होते. मासा लागल्याची खूण कळावी म्हणून लीडरवर बांधलेला लोकरीचा पांढरा ठिपका बुडाला नाही, नुसता क्षणभर थबकला, आणि मी मनगट उचलले. वीतभर लांबीची बॅरिलियस होती. निळसर पट्ट्यांवर ऊन पडताच त्यांच्या कडा रुपेरी झाल्या. हात आधी पाण्यात भिजवून घेतले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि गळ पाण्यातच सोडवला. ती दोन श्वास माझ्या तळहातावर थांबली आणि मग निसटून गेली.

दुपारी लाइट आली की काठावरच्या मोटारी सुरू होतात आणि तासाभरात धार बारीक होते. गहू आणि कांदा उभा आहे, त्या पाण्यावर पहिला हक्क शेतकऱ्याचाच. मी लाइटचे वेळापत्रक विचारूनच निघतो. खुणेच्या दगडावर पाणी गेल्या रविवारी चार बोटे उतरले होते. धार तुटून डोह सुटे झाले, की त्यांत कोंडलेल्या माशांवर फ्लाय टाकायची नाही असे मी ठरवले आहे. तोवर आणखी दोन रविवार मिळतील असे वाटते.