गळाच्या दांडीवरचे वेढे: ग्रँड नदी, सप्टेंबर ते जून

मागच्या सप्टेंबरातल्या एका सकाळची माझ्या वहीतली नोंद एवढीच आहे: ‘गाभोळी ११ वेळा उडाली. किंग शून्य.’ त्या दिवसापासून या जूनपर्यंत मिशिगनमधल्या ग्रँड नदीवर मी एकाच गोष्टीच्या मागे लागलो होतो, गळावर आमिष बसवायचं कसं. आधी किंग सॅमन, मग स्टीलहेड (सरोवरातून नदीत चढणारा रेनबो ट्राउट), मग कार्प. मला हे तीन वेगळे विषय वाटत होते. मे महिन्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर गाठ बांधताना लक्षात आलं, की मी सप्टेंबरचीच गाठ पुन्हा बांधतोय. ते कसं, ते गरवणाऱ्या मंडळींसाठी नीट लिहून ठेवतो.

आधी नदीबद्दल थोडं. ग्रँड रॅपिड्स शहराच्या मधोमध सिक्स्थ स्ट्रीटचा बुटका बंधारा आहे. त्याला लागून माशांना वर चढायला पायऱ्या पायऱ्यांची वाट आहे, १९७४ साली बांधलेली. मिशिगन सरोवरातून नदीत शिरलेले मासे इथपर्यंत येऊन अडतात, म्हणून बंधाऱ्याखाली गर्दी असते, माशांची आणि माणसांचीही. गंमत म्हणजे मी ज्या तीन माशांच्या मागे आहे त्यातला एकही मुळात इथला नाही. स्टीलहेड १८७६ मध्ये कॅलिफोर्नियाहून आणून राज्यात पहिल्यांदा सोडला. युरोपातला कार्प अमेरिकेत आला तोही त्याच दशकात. पॅसिफिकचा कोहो सॅमन १९६६ मध्ये सोडला आणि लगेच पुढच्या वर्षी चिनूक, ज्याला इथे सगळे किंग म्हणतात. सरोवरात एलवाइफ नावाचे छोटे मासे बेसुमार वाढून किनाऱ्यावर मरून पडायचे. त्यांना खायला कुणीतरी हवं होतं.

सप्टेंबर–ऑक्टोबर: किंग आणि गाभोळी

नदीत शिरलेला किंग खाणं थांबवतो. तो अंडी घालायला आलेला असतो, नंतर मरतो. तरीही तोंडासमोरून गाभोळीचा तुकडा गेला की तो धरतो. भूक म्हणून, सवय म्हणून की राग म्हणून, यावर काठावर रोज वाद ऐकू येतात. माझा प्रश्न त्याच्या आधीचा होता, तुकडा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. मी गाभोळी गळात ओवायचो, जसं लहानपणी कराडला मामांबरोबर कृष्णेवर गांडूळ ओवायचो तसं. गांडुळाला कातडी असते. गाभोळीला फक्त एक पातळ पापुद्रा. रॉड फिरवला की गळ एकीकडे, गाभोळी दुसरीकडे.

बंधाऱ्याखाली रोज येणारे एक वयस्कर गृहस्थ हे बघत होते. त्यांनी माझ्या हातातून गळ घेतला, कापला आणि स्वतःच्या लीडरला, म्हणजे गळाजवळच्या शेवटच्या दोऱ्याला, बांधून परत दिला. ती एग लूपची गाठ. बांधायची अशी: दोन फुटांचा तंगूस (नायलॉनचा दोरा) घ्या, २० पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा. एक टोक गळाच्या नेढ्यातून आत घालून दांडीला, म्हणजे गळाच्या सरळ भागाला, चिकटवून धरा. आता लांब बाजूने नेढ्यापासून वाकाकडे दांडीवर दहा-बारा घट्ट वेढे द्या, त्या टोकासकट. मग लीडरचं दुसरं टोक टोकदार बाजूने नेढ्यातून आत घालून दांडीलगत धरा. मध्ये जो मोठा फास राहिला त्यानेच आणखी पाच-सहा वेढे द्या, आणि आत धरलेला दोरा नेढ्यातून ओढून फास संपवा. ओढण्याआधी ओठांनी ओलं करा, नाहीतर तंगूस तापून कमजोर पडतो.

खरी करामत पुढे आहे. ही गाठ बांधून झाल्यावर लीडर नेढ्यातून मागे ढकलला की दांडीवर, नेढं आणि वेढ्यांच्या मध्ये, एक छोटा फास उघडतो. त्यात अंगठ्याच्या पेराएवढा गाभोळीचा तुकडा घालायचा, पापुद्र्याची बाजू फासात येईल असा, आणि लीडर ओढायचा. फास गाभोळीला आवळतो. गळाचं टोक कशातच रुतलेलं नसतं, उघडं राहतं. मी २/० मापाचा गळ वापरतो.

गाठ आली तरी गाभोळी चांगली लागते, आणि पहिली खेप मी स्वतःच्या हाताने घालवली. पहिला मादी किंग हाती लागल्यावर घरी आलो आणि आपण पापलेटची गाभोळी धुतो तशी नळाखाली धुतली. अर्ध्या तासात दाणे कडक आणि पांढरट. अंड्याला साधं पाणी लागलं की ते पाणी ओढून घेतं आणि त्याचं कवच ताठ होतं. तेव्हापासून माझी पद्धत अशी: मासा ठेवायचा ठरला की काठावरच कल्ल्यातून रक्त काढायचं, गाभोळी कोरड्या कागदी रुमालात गुंडाळून बर्फावर ठेवायची, पाण्याला शिवू द्यायची नाही. घरी कात्रीने तुकडे करायचे आणि दोन वाट्या बोरॅक्स, एक वाटी आयोडीन नसलेलं मीठ, एक वाटी साखर यांच्या मिश्रणात घोळवायचे. बरणीत चोवीस तास, मधूनमधून बरणी उलटी करत. आधी पाणी सुटतं, मग त्यातलं बरंचसं दाणे परत ओढून घेतात आणि पारदर्शक, चिवट होतात. मग वर्तमानपत्रावर सुकवून गोठवायचे. बोरॅक्स खायचा पदार्थ नाही, त्यामुळे बरणी, चमचा, हातमोजे सगळं गॅरेजमध्ये वेगळं. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ते ठेवू नका.

ऑक्टोबरअखेर हिशोब: लागलेले ७, काठाला आणलेले ३. तिन्ही तोंडात, जबड्याच्या कोपऱ्यात. पाठीत किंवा शेपटीत अडकलेला मासा इथे सोडावाच लागतो, आणि तो सोडायलाच हवा.

नोव्हेंबर ते मार्च: पुरचुंडी

स्टीलहेडचं पाणी थंड आणि बहुधा स्वच्छ. तिथे अंगठ्याएवढा तुकडा फार मोठा. इथे गाभोळीचे सुटे पिकलेले दाणे वापरतात, नायलॉनच्या रंगीत जाळीत बांधून. मी त्याला पुरचुंडी म्हणतो आणि आता माझ्या बरोबरची दोन-तीन मंडळीही म्हणतात. जाळीचा तीन इंची चौकोन, मधोमध आठ-दहा दाणे, चारी कोपरे वर घेऊन मोदकाच्या शेंडीसारखी पीळ, त्यावर लवचीक दोऱ्याचे आठ वेढे. हा दोरा स्वतःवरच चिकटतो, गाठ मारावी लागत नाही. शेंडी कापताना थोडी ठेवायची. नदी गढूळ असली तर पुरचुंडी मोठी आणि केशरी, स्वच्छ असली तर नखाएवढी आणि फिकट गुलाबी. आत फोमचा एखादा बारीक मणी घातला की ती तळाच्या दगडांवर घासत न जाता जरा वर राहते.

गळ ८ नंबरचा, लीडर ८ पौंडी फ्लोरोकार्बन. पुरचुंडीत गळ खुपसायचा नाही. फक्त जाळीचा एक पदर उचलून त्यातून टोक आरपार न्यायचं, टोक पूर्ण उघडं. डिसेंबरात मी हे विसरायचो, थंडीने बोटं आखडलेली असायची आणि टोक दाण्यांत लपून जायचं. फ्लोट (दोऱ्यावरचा तरंगता बोंडूक) बुडायचा, मी ओढायचो, हाती रिकामा गळ. असे चार गेले. पाचव्या वेळी प्रत्येक पुरचुंडी लावल्यावर टोक नखावर ओढून बघायची सवय लावली. नखावर ओरखडा उठला तरच पाण्यात टाकायचं.

दोऱ्यावर वजनासाठी लावायच्या छर्ऱ्यांच्या मांडणीनेही फरक पडला. सगळे छर्रे एकाच जागी लावले तर पुरचुंडी फ्लोटच्या मागे फरफटते. तळाजवळचं पाणी वरच्यापेक्षा हळू वाहतं, हे त्यामागचं कारण. आता मोठे छर्रे फ्लोटच्या बाजूला, खाली येताना लहान लहान, आणि शेवटचा अगदी बारीक गळापासून फूटभर वर. फ्लोट किंचित रोखून धरला की आमिष आधी येतं, दोरा मागून. माशाला पहिल्यांदा जे दिसतं ते आमिष असावं.

जानेवारीतली एक सकाळ विसरणार नाही. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरत होता, दर दोन-तीन फेकींनंतर रॉडचं टोक पाण्यात बुडवून तो काढावा लागत होता. पाणी ३६ अंश फॅरनहाइट. फ्लोट बुडाला नाही, नुसता थबकला. तळाला अडकलं असेल म्हणून उचलला, आणि ‘तळ’ नदीच्या मध्याकडे निघाला. सोळा मिनिटांनी गुडघाभर पाण्यात हात घातला तेव्हा माशाच्या कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा होता. किंगसारखा स्टीलहेड अंडी घालून मरतोच असं नाही, तो सरोवरात परत जाऊन पुन्हा येऊ शकतो. म्हणून गळाचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून टाकतो. गळ दोन बोटांनी निघाला, मासा पाण्याबाहेर काढावा लागला नाही.

फेब्रुवारीत अंड्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या मण्यांवरही प्रयत्न केला, गळाच्या दोन इंच वर एकच मणी अडकवून. मासे लागले. पण मला पुरचुंडी जास्त आवडते, ती बांधताना हात गुंतलेले असतात. यापलीकडे मण्यांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

मे–जून: केसावर हरभरा

इथे कार्पकडे बरेच जण तुच्छतेने बघतात. मला ते पटत नाही. कार्प म्हणजे आपल्याकडचा सायप्रिनस, उजनीपासून पानशेतपर्यंत सगळीकडे असलेला. हा मासा आमिष तोंडात ओढतो, चाचपतो आणि गळ जाणवला की क्षणात थुंकतो. त्याच्या ओठांइतकी पारखी वस्तू मी पाण्यात दुसरी पाहिलेली नाही. मामा कणकेचा गोळा गळावर पूर्ण लिंपायचे, टोक आत. त्यांना मासे मिळायचे, पण दहा चावे खाऊन जायचे तेव्हा एक.

या थुंकण्यावर उपाय १९८०च्या सुमाराला इंग्लंडमध्ये लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडक्स यांनी काढला. आमिष गळावर लावायचंच नाही, गळाच्या खाली बारीक धाग्याला लोंबतं ठेवायचं. सुरुवातीला तो धागा खरोखरच माणसाचा केस होता, म्हणून नाव हेअर रिग. आमिष आत जातं, पाठोपाठ मोकळा गळही जातो. थुंकताना आमिष बाहेर येतं, गळ मात्र वळून खालच्या ओठात बसतो. दोऱ्यावर दोन-तीन औंसांचं शिसं पक्कं असेल तर मासा दचकून पळतो आणि स्वतःच गळ रुतवतो.

आता गाठ. वेणीसारख्या विणलेल्या दोऱ्याचा वीतभर तुकडा, २५ पौंडी. एका टोकाला छोटा फास, हा केसाचा शेवट. दुसरं टोक नेढ्यातून मागच्या बाजूने घाला, म्हणजे गळाच्या टोकाच्या विरुद्ध बाजूने. केस वाकाच्या खाली पाव ते अर्धा इंच लोंबेल एवढा ठेवून दांडीवर सात-आठ वेढे, केसाला दाबत. मग तेच टोक पुन्हा मागूनच नेढ्यातून बाहेर. झालं.

हे बांधता बांधता हात थांबला. दांडीवर वेढे, दोरा नेढ्यातून सरळ जाणारा, ओढ गाठीवर न येता सगळ्या वेढ्यांवर वाटली जाणारी. ही एग लूपच आहे! तिथे उरलेला दोरा फास होऊन गाभोळी धरतो, इथे तोच केस होऊन हरभरा धरतो. दोन्हीकडे टोक उघडं. दोन्हीकडे दोरा दांडीच्या त्या अंगाने सुटतो जिकडे गळाचं टोक असतं, म्हणून ओढलं की गळ वळतो. बंधाऱ्याखालच्या त्या गृहस्थांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही गळ शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघितले. आयुष्यभर सॅमन धरलेल्या माणसाने कार्पचा गळ पहिल्यांदाच हातात घेतला होता.

तरीही पहिल्या तीन खेपा फुकट गेल्या. चावे येत होते, रॉडला लावलेली घंटी वाजत होती, मासा नाही. दोष सापडला तो हातावरच्या चाचणीत. रिग तळहातावर ठेवून दोरा हळूच ओढायचा. गळ वळून तळहाताला टोचू पाहत असेल तर बरोबर. माझा आडवा पडून घसरत जायचा. मी दोरा दुसऱ्यांदा नेढ्यात पुढच्या बाजूने घालून मागे काढत होतो. तेवढाच फरक. दुरुस्त केल्यावर त्याच संध्याकाळी पहिला कार्प, सोळा पौंडांचा, खालच्या ओठाच्या बरोबर मधोमध.

आमिष म्हणून मक्याचे दाणे, आणि माझा लाडका काबुली हरभरा. रात्रभर भिजवून कुकरला दोन शिट्ट्या. चार शिट्ट्या केल्या तर चवीला छान, पण सुईवर फुटतो. क्रोशाच्या बारीक सुईने ओवायचा, केसाचा फास आरपार ओढायचा आणि त्यात टूथपिकचा तुकडा अडकवायचा, निसटू नये म्हणून. सुका मका मात्र चोवीस तास भिजवून अर्धा तास उकळल्याशिवाय वापरू नका, कच्चा दाणा माशाच्या पोटात फुगतो. मामांची आठवण म्हणून उकळत्या पाण्यात चिमूटभर हिंग घालतो.

पुण्याकडच्या धरणांवर स्प्रिंगभोवती पेंडीचा गोळा दाबून त्यातून चार-सहा गळ सोडणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना मनापासून सांगणं आहे, त्यातला निदान एक गळ या गाठीने बांधून केसावर हरभरा लावून बघा आणि मासा कुठल्या गळावर येतो ते लिहून ठेवा.

जूनअखेर कार्प ९, सगळे ओठात, सगळे परत पाण्यात. सप्टेंबरसाठी लीडर बांधायला घेतलेत. आज रात्री चोवीस झाले. प्रत्येक तळहातावर ओढून पाहिला. दोन वळत नाहीत, ते उद्या कापून पुन्हा बांधायचे.