आमची वाटचाल: दोन खोल्या आणि सीपीची मुलं

2015 साली सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही मुलांना अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायला मदत करण्याचं काम सुरू केलं. मी आणि माझ्या भागीदार बाई. आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या डिप्लोमाच्या मुलांसाठी सल्लागारांची रांग लागलेली असते. आमच्याकडे आली ती सीपीची, म्हणजे आयबीच्याच करिअर-रिलेटेड प्रोग्रामची मुलं, कारण त्यांना दुसरं कुणी दारात उभं करत नव्हतं.

सीपीला डिप्लोमासारखे 45 पैकी गुण नसतात, हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. डिप्लोमाचे किमान दोन विषय, जोडीला करिअरचा अभ्यासक्रम, आणि रिफ्लेक्टिव्ह प्रोजेक्ट नावाच्या प्रकल्पासकट सगळ्यांना सक्तीचा गाभा. आमच्या मुलांचा करिअरचा अभ्यासक्रम म्हणजे पिअर्सन या ब्रिटिश कंपनीचा बीटेक (BTEC), व्यवसायाचं शिक्षण देणारा; इंजिनिअरिंगचं बी.टेक. नव्हे. नातेवाईक विचारायचे, बारावीच्या आधीच बीटेक कसं काय? त्यातलं ‘डिस्टिंक्शन’ म्हणजे आपलं 75 टक्के नव्हे, हेही दर वर्षी नव्याने समजवावं लागतं.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे चौकटीची वही. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला 150 अक्षरं, मोकळी जागा धरून. मी वहीत 150 चौकोन आखून देते आणि मुलांकडून पेन्सिलीने एकेका चौकोनात एकेक अक्षर भरून घेते. कॉम्प्युटर मोजून देतो, मान्य. पण शिसपेन्सिलीने खोडताना कुठला शब्द फुकट बसलाय ते हाताला कळतं. एका मुलीने हॉटेलच्या स्वयंपाकघरातली इंटर्नशिप अशी सात वेळा लिहिली. सातव्यांदा ‘पॅशनेट’ गेलं आणि ‘रोज 40 किलो कांदा’ आला. तिचा अर्ज तिथे उभा राहिला.

आता 2018 च्या डिसेंबरचं सांगते, कारण ते अजून डाचतं. त्या वर्षी आमच्याकडे 14 घरं होती. तीन मुलांनी 1 नोव्हेंबरला अर्ली डिसिजनचे, म्हणजे लवकर निकालाचे आणि होकार आला तर त्याच कॉलेजात जायचं बंधन असलेले, अर्ज केले आणि डिसेंबरच्या मध्याला तिघांनाही नकार आला. त्याच आठवड्यात शहरातल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीने हॉटेलात पालकांची सभा घेतली आणि मंचावरून सांगितलं की सीपीवाल्यांना अमेरिकेत कुणी विचारत नाही, मुलाला डिप्लोमात हलवा. बारावीच्या डिसेंबरात डिप्लोमात कसं हलवणार, हे सभेत एकानेही विचारलं नाही. दहा दिवसांत 11 घरांनी फी परत मागितली. मी दिली, सोनं गहाण ठेवून दिली. जानेवारीत भागीदार बाई त्याच कंपनीत रुजू झाल्या. जाताना आमच्या फायलींच्या प्रती घेऊन गेल्या.

खरा दोष कुठे होता ते मला 18 डिसेंबरच्या रात्री सापडलं. मुलांच्या अर्जांबरोबर शाळा जी स्कूल प्रोफाइल, म्हणजे शाळेची आणि तिथल्या अभ्यासक्रमांची ओळख देणारा कागद, पाठवते, ती डिप्लोमाचीच जुनी दोन पानं होती. त्यात सीपीचा एक शब्द नव्हता. अर्ज वाचणाऱ्याला प्रोफाइलमध्ये सहा विषय आणि 45 गुण दिसतात, आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे मुलाच्या गुणपत्रकावर, डिप्लोमाचे फक्त दोन विषय. त्याने काय समजावं? की या मुलाने सोपी वाट धरली. अभ्यासक्रम नडला नव्हता, कागद नडला होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन बसले. प्रोफाइलमध्ये सीपीसाठी वेगळं अर्धं पान घातलं: बीटेकचे तास, श्रेणीचा अर्थ, शाळेत किती मुलं हा मार्ग घेतात. 1 जानेवारीच्या अर्जांआधी ते शाळेच्या समुपदेशकांकडून अर्जांच्या साइटवर चढवून घेतलं. थांबलेल्या तीन घरांपैकी एक होते लक्ष्मी रोडवरचे कापडवाले काका. त्यांची थोरली नकार आलेल्या तिघांत होती. फी परत घ्या म्हटल्यावर ते म्हणाले, “बाई, एक ठाण खराब निघालं म्हणून मी गिरणी बदलत नाही.” मार्चच्या शेवटी तिला मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातून होकार आला, अर्ध्याहून जास्त आर्थिक मदतीसकट. काका पेढे घेऊन आले तेव्हा ऑफिसात मी एकटीच होते.

पुढची वर्षं काम नीट चाललं. 2020 मध्ये मे महिन्याच्या आयबी परीक्षा रद्द झाल्या, तोही फेरा निभावला.

पालकांनी विचारलं नाही तरी सांगते. अकरावीतच शाळेकडे स्कूल प्रोफाइल मागा आणि स्वतः वाचा. तुमच्या मुलाचा अभ्यासक्रम त्यात नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबू नका. बीटेकच्या जोडीला घेतलेल्या डिप्लोमा विषयांत झेपेल तर एखादा तरी हायर लेव्हल, म्हणजे वरच्या पातळीचा, ठेवा. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर गणित सोडूच नका. कॉमन ॲपची मुदत रात्री 11.59 ची असते ती आपल्या घड्याळाने, अमेरिकेच्या नव्हे. आणि आर्थिक मदत मागायची असेल तर आधी घरात आकडा बोला. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत ऐपत बघून निवड करतात.

त्या कंपनीच्या जाहिरातीत हल्ली ‘सीपी तज्ज्ञ’ असं छापलेलं असतं. त्यांनी शाळांना दिलेली नमुना प्रोफाइल मी पाहिली आहे. ते अर्धं पान माझं आहे, बीटेकच्या तासांचा तक्ता माझा आहे, तिसऱ्या ओळीतली माझी टंकनाची चूकसुद्धा तशीच आहे.

काकांचा धाकटा या जूनपासून येतो. त्याच्या वहीत मी कालच चौकोन आखून दिले.