गुरुजींचा पंचम, माझा षड्ज

गाताना पेटीवरची ज्या पट्टीला षड्ज, म्हणजे सा, धरायचा ती गुरुजींची पट्टी काळी एक, माझी काळी चार. म्हणजे त्यांचा पंचम, त्यांचा प, तो माझा षड्ज. सदाशिव पेठेत त्यांच्या घरी तालमीला बसलं की तानपुरा माझ्या पट्टीत लागायचा आणि ते माझ्याहून एक सप्तक खाली गाऊन दाखवायचे. इतक्या खाली त्यांचा आवाज जड, घोगरा व्हायचा. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, जागा तर गळ्यातून दाखवताच यायच्या नाहीत, त्या ते सरगम म्हणून सांगायचे. मी सगळं उचललं, आवाजातल्या त्या जडपणासकट.

ते तसंच व्हायला हवं होतं, असं मी आजही म्हणते. नक्कल केल्याशिवाय ख्याल गळ्यावर चढत नाही. आमच्या किराणा घराण्याची एकेका स्वराने होणारी बढत, रागाचा तो विस्तार, समजावून सांगता येत नाही; समोर बसून, मागून म्हणूनच ती येते.

पुढे आकाशवाणीची स्वरपरीक्षा झाली, गणेशोत्सवातले, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम मिळू लागले. लोक म्हणायचे, "डोळे मिटले की गुरुजीच गातायत असं वाटतं." मला अभिमान वाटायचा. पण गुरुजी गेल्यानंतर तेच वाक्य ऐकून आत काहीतरी हलायचं. ते नाहीत, मग गातंय कोण?

तेव्हापासून सकाळी फक्त तानपुरा घेऊन बसायला लागले. त्यांची ध्वनिमुद्रणं कपाटात ठेवली. तानपुरा मिरजेचा, तारांना गुंजन देणारी त्याच्या घोडीवरची जवारी नव्याने काढून घेतली. पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून पांढरी पाच केली आणि 'आ'कार बोलण्याच्या आवाजात लावायला सुरुवात केली, छातीवर भार न देता. सुरुवातीला ते फार पातळ वाटलं, गाणं उघडं पडल्यासारखं. यमनचा गंधार लावून थांबायचं आणि आवाज मोठा करायचा मोह झाला की पुन्हा षड्जावर यायचं, एवढाच रियाज कितीतरी दिवस चालला. बंदिशीचे शब्द आधी नुसते बोलून पाहायचे, मग सुरात ठेवायचे. हळूहळू आलापीतले माझे श्वास वेगळ्या ठिकाणी पडायला लागले. जागा गुरुजींच्याच होत्या, तिथे पोचायची वाट बदलली.

या काळात धीर दिला तो घराण्यानेच. किराण्याच्याच सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल, भीमसेनजी आणि फिरोज दस्तूर शिकले. गुरू एक, पण तिघांपैकी कुणाचाही षड्ज ऐका, दुसऱ्याची आठवण येत नाही. पुण्यात 1953 पासून भीमसेनजींनी गुरूंच्या नावाने महोत्सव चालवला, आणि त्याच मंचावर आयुष्यभर गायले ते स्वतःचं गाणं. निष्ठा आणि नक्कल यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

कार्यक्रमांचं म्हणाल तर आयोजक सांगतात, "ताई, ख्याल आटोपता घ्या, अभंग होऊ द्या." अभंग मी मनापासून गाते, त्यात कमीपणा कसला? पण वेळ नसेल तर विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल घेत नाही, सरळ मध्य लयीतली बंदिश घेते. दहा मिनिटांत उरकलेला विलंबित ही श्रोत्यांची फसवणूक आहे. यामुळे काही बोलावणी गेली, त्याची तयारी ठेवावी लागते. घर बरंचसं शिकवण्यांवर चालतं, आणि शिकवणं ही माझ्या दृष्टीने दुय्यम गोष्ट नाही.

माझी एक विद्यार्थिनी हिंजवडीत नोकरी करते, शनिवारी सकाळी येते. एकदा यमन गाताना तार षड्जाच्या आधी तिने श्वास घेतला. छोटा, किंचित आवाज होणारा. तो माझा श्वास होता. तिने मोबाइलवर माझं रेकॉर्डिंग इतकं ऐकलं होतं की स्वरांबरोबर तोही उचलला होता. मी तिला थांबवलं नाही, तिची नक्कल अजून पुरी व्हायची आहे. फक्त तानपुरा तिला सोयीच्या पट्टीत, काळी पाचमध्ये लावून दिला आणि माझ्यामागून म्हणण्याऐवजी आधी तिला गायला सांगितलं, नंतर मी गायले. आता तिला पूरिया राग द्यायचा आहे. त्यात पंचम वर्ज्य, म्हणून तानपुऱ्याची एरवी पंचमाला लागणारी पहिली तार निषादाला लावायची. ती तिची तिने लावावी, असं सांगून ठेवलंय.