नखाएवढा दात

आज मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सला शार्कचे दात शोधायला गेलो होतो. गाडीपासून किनाऱ्यापर्यंत जंगलातून जवळजवळ पावणेदोन मैल चाल. पिठाची चाळण घरून नेऊ दिली नाही, म्हणून भाजी धुवायची जाळी नेली. तीन तासांत हाती काय, तर नखाएवढा एक काळा तुकडा. मूळ गायब, टोक झिजलेलं, सुपारीच्या खांडासारखा दिसणारा. लेक म्हणाली, "बाबा, दगड आहे तो."

घरी आल्यावर टेबललॅम्पखाली भिंगातून पाहिला. एका बाजूची चकाकी अजून शाबूत. साध्या खड्याला अशी कुठली यायला! धार गुळगुळीत वाटली, म्हणून आधी माको शार्कचा ठरवून मोकळा झालो. मग सहज कडेवरून नख फिरवलं, तर मागच्या बाजूला तीन ठिकाणी अडकलं. करवतीसारखे भरड दाते, टोकाच्या जरा आधीच थांबलेले. म्हणजे हेमिप्रिस्टिस शार्कचा! इकडे स्नॅगलटूथ म्हणतात. मायोसिन काळातला, साधारण १ ते २ कोटी वर्षांपूर्वीचा. (मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा असता तर दाते बारीक आणि पार टोकापर्यंत असते. पण एवढं नशीब कुठलं आपलं.)

लेकीला दाखवला. तिनेही नख फिरवून पाहिलं, दोनदा. आता तो तिच्या कंपासपेटीत आहे आणि मला परत मिळेल असं काही दिसत नाही.