आमची वाटचाल: धरणाच्या काठावरून काकांच्या रानात

२०१६ साली दहा तंबू घेऊन पुण्यात धंदा सुरू केला. शनिवारी पवना धरणाच्या काठी तंबू ठोकायचे, रात्री शेकोटी आणि गाणी, रविवारी पोहे खाऊन परत. पैसे बरे सुटत. पण काठावर तंबूवाले वाढले तसे दर पडले आणि सोमवारचा अर्धा दिवस बाटल्या वेचण्यात जाऊ लागला. २०२० च्या टाळेबंदीत तंबू माळ्यावर गेले. त्यांना लागलेल्या बुरशीबद्दल न बोललेलंच बरं.

पुढे देवरुखजवळच्या एका काकांचा निरोप आला. "जागा देतो. पण गाणीबिणी नकोत, काम करा."

रत्नागिरी जिल्ह्यात जंगल बहुतेक खासगी मालकीचं. काकांच्या सातबाऱ्यावर चुलतभाऊ आणि मुंबईकर पुतणे धरून चौदा नावं. दहा-पंधरा वर्षांनी उभं रान लाकडाच्या कंत्राटदाराला द्यायचं, असा रिवाज. या खेपेला द्यायचं नाही, एवढं काकांनी सगळ्यांकडून कसंबसं वदवून घेतलं होतं.

रान राखायच्या पहिल्या श्रमदान शिबिराला मी हौसेने साठ रोपं नेली. त्यात गुलमोहरसुद्धा! काकांनी आधी रोपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिवाळीच्या तोंडावर लावताय? मेपर्यंत पाणी घालायला पुण्याहून येणार का?" मग एका तोडलेल्या ऐनाच्या बुंध्यापाशी नेलं. त्यातून सात-आठ धुमारे फुटलेले. दोन सरळसोट ठेवून बाकीचे त्यांनी कोयतीने तिरके छाटले. "झाड आहेच हो. वाढू द्या त्याला." किंजळीचंही तसंच. माझी साठ रोपं आम्ही परत आणली.

तेव्हापासून आमचं मुख्य काम रानभर माजणाऱ्या परदेशी तणाचं, म्हणजे रानमोडीचं. वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते, म्हणून मुळासकट उपटायची. तीही पावसानंतर माती ओली असताना आणि फुलं यायच्या आत. एकदा बी धरलं की वारा ते डोंगरभर नेतो. थंडी सरता सरता रानाच्या कडेने गवत-पाचोळा साफ करून जाळरेषा काढतो, कारण वणवा वर्षभराची मेहनत एका दुपारी खातो. पुण्याची पोरं पहिल्या दिवशी हाताला फोड आणतात आणि रात्री कुळथाच्या पिठीवर चार वाढी भात हाणतात.

"श्रमदान आमचं आणि पैसे तुम्ही घेता?" हे दर शिबिराला कुणीतरी विचारतंच. रास्त आहे. आता गाडी, जेवण, हत्यारं आणि वाडीतल्या गड्यांची मजुरी यांचा हिशेब मी नाव नोंदवतानाच दाखवतो. उरतं ते थोडं. घरभाडं अजून धरणाकाठचेच तंबू भरतात, हेही लपवत नाही.

मे महिन्यात मुंबईकर गावी येतील, तेव्हा कंत्राटदाराचा विषय पुन्हा निघणार. काकांनी त्या आठवड्यासाठी चार तंबू आत्ताच सांगून ठेवलेत. पुतण्यांना दोन रात्री रानातच झोपवायचं म्हणे.