पडद्यावरचा 128 म्हणजे निम्मा उजेड नव्हे

डिजिटल चित्रातील प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या घटकाला 0 ते 255 यांपैकी एक आकडा मिळतो, आणि 255 म्हणजे पूर्ण उजेड असेल तर 128 म्हणजे साधारण निम्मा, असे गृहीत धरून चित्रांवर सर्रास गणिते केली जातात. वास्तविक एसआरजीबी या संगणकाच्या पडद्यांसाठीच्या रंगमानकानुसार चालणाऱ्या पडद्यावर 128 हा आकडा कमाल उजेडाच्या जेमतेम 22 टक्के उजेड देतो. निम्मा उजेड हवा असेल तर 188 लिहावे लागते.

पडताळा घरी घेता येतो. एकाआड एक पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा बिंदू असलेली बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक नक्षी तयार करावी, तिच्या शेजारी 128 आणि 188 या करड्या छटांचे चौकोन ठेवावेत, चित्र मूळ आकारातच उघडावे आणि चार पावले मागे जाऊन पाहावे. नक्षी 188 च्या चौकोनाशी एकरूप होते आणि 128 चा चौकोन स्पष्टपणे गडद दिसतो. चित्र लहान करताना केवळ आकड्यांची सरासरी काढणारे सॉफ्टवेअर नेमके इथेच चुकते, आणि रात्रीच्या छायाचित्रातील दूरवरचे बारीक दिवे त्यामुळे निष्कारण मंदावतात.

हा वाकडेपणा, म्हणजे आकडा आणि उजेड सरळ प्रमाणात न वाढणे, कॅमेऱ्याच्या सेन्सरमधून येत नाही. सिलिकॉनवर दुप्पट प्रकाश पडला की जवळपास दुप्पट इलेक्ट्रॉन जमा होतात. तिथवर हिशेब सरळ असतो. वक्र नंतर मुद्दाम घातला जातो आणि त्याचे मूळ जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये आहे. त्या नळीला दिलेले व्होल्टेज दुप्पट केले तर उजेड दुप्पट न होता पाच पटींच्या आसपास वाढत असे. याचा दोष अनेकदा पडद्यावर चमकणाऱ्या फॉस्फरच्या थराला दिला जातो, परंतु तो गुण मुख्यतः नळीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडणाऱ्या इलेक्ट्रॉन गनचा होता. घरोघरच्या लाखो टीव्हींमध्ये दुरुस्तीचे सर्किट बसवण्यापेक्षा प्रक्षेपणाच्या टोकाला, मोजक्या कॅमेऱ्यांत, सिग्नल उलट्या दिशेने वाकवणे कितीतरी स्वस्त होते, म्हणून गॅमाची, म्हणजे या वक्राची, दुरुस्ती तिथे गेली.

पिक्चर ट्यूब गेली, वक्र मात्र राहिला, आणि तो केवळ सवयीने राहिला असे मला वाटत नाही. आपल्या डोळ्याला उजेडातील साधारण एक टक्क्याचा फरक जाणवतो. आठ बिटांत प्रकाश सरळ प्रमाणात साठवला तर 254 आणि 255 यांतील फरक 0.4 टक्के, म्हणजे न दिसणारा. उलट 10 आणि 11 यांतील फरक 10 टक्के, म्हणजे संधिप्रकाशातील आकाशावर पट्टे उमटवणारा. वक्रामुळे अधिक आकडे अंधाराच्या वाट्याला येतात, जिथे डोळ्याला त्यांची गरज असते. इलेक्ट्रॉन गनचा दोष आणि डोळ्याचा स्वभाव यांचे हे जुळणे हा निव्वळ योगायोग आहे, पण त्यावर टीव्हीच्या अनेक पिढ्या तरून गेल्या.

कॅमेऱ्याचा वक्र आणि पडद्याचा वक्र हे एकमेकांचे अचूक व्यस्त असतात, हा समजही खरा नाही. एचडी टीव्हीसाठीच्या शिफारस 709 या मानकातील कॅमेऱ्याच्या सूत्रात घातांक 0.45 आहे, मात्र प्रकाश 1.8 टक्क्यांहून कमी असेल तिथे सरळ रेषा वापरलेली आहे, कारण शून्याजवळ शुद्ध घाताचा चढ अनंत होतो आणि सेन्सरची खरखर भयंकर वाढते. हा तुकडा धरून कॅमेऱ्याचा एकूण परिणाम 0.5 घातांकाजवळ जातो आणि पडद्याचा घातांक 2.4 असल्याने दोहोंचा गुणाकार 1.2 च्या घरात येतो. ही वाढ हेतुपुरस्सर आहे: भर उन्हातील दृश्य मंद उजेडाच्या खोलीत, 100 निटच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) मॉनिटरवर पाहिले की फिके वाटते, आणि तो फिकेपणा थोड्या जादा कॉन्ट्रास्टने भरून काढावा लागतो.

माझ्या मते यांतील पडद्याचे सूत्र हाच खरा नियम आहे आणि कॅमेऱ्याचे सूत्र ही केवळ सुरुवातीची सूचना, कारण कॅमेरामन आणि कलरिस्ट मॉनिटरकडे पाहूनच छटा ठरवतात. तरीही 709 हे मानक 1990 मध्ये आले, तर पडद्याचा 2.4 घातांक बीटी.1886 या शिफारशीत 2011 मध्ये लिहिला गेला. मधली वीस वर्षे पिक्चर ट्यूब स्वतःच मानक होती.

एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रांत, नियम पडद्याचा की कॅमेऱ्याचा ही निवड उघडपणे करावी लागली. 2014 चे पीक्यू हे एचडीआर मानक पडद्याच्या बाजूने व्याख्या करते: प्रत्येक आकड्याला 10,000 निटपर्यंतचा ठरावीक उजेड नेमून दिलेला असतो, त्यामुळे ते अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहण्यास चोख आहे, पण दुपारी खिडक्या उघड्या असलेल्या दिवाणखान्यात तेच चित्र काळवंडते. बीबीसी आणि एनएचके यांनी मिळून तयार केलेले एचएलजी हे दुसरे मानक कॅमेऱ्याच्या बाजूने विचार करते. त्याचा खालचा भाग वर्गमुळाचा आणि वरचा लॉगरिदमचा असून प्रत्यक्ष उजेड किती असावा हे पडद्याच्या क्षमतेवर सोपवलेले असते. म्हणूनच क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणासाठी मी डोळे झाकून एचएलजी निवडेन, कारण तिथे प्रत्येक पडद्यासाठी वेगळा हात फिरवायला कोणाला सवड नसते आणि साधा टीव्हीही तो सिग्नल बऱ्यापैकी दाखवतो.