पलीकडची गल्ली

आठवीत इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर ‘लेन’ या शब्दाचा अर्थ लिहिला होता : गल्ली. त्यांचा काही दोष नाही. तेव्हाच्या कोल्हापुरात दुसऱ्या जातीची लेन बघायला मिळायचीच नाही. रस्त्याच्या मधोमध एक पांढरा पट्टा मारलेला असायचा, आणि तोही दोन-तीन वळवांत धुऊन जायचा. पुढं वर्तमानपत्रांनी ‘मार्गिका’ हा शब्द आणला. छापायला चांगला आहे, पण शेजारी बसलेल्याला ‘मार्गिका बदल की’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

गल्ली म्हटलं की मात्र कोल्हापूरकराची छाती फुगते. गल्लीची तालीम, गल्लीचं मंडळ, गल्लीचा गणपती. शिवाजी पेठेत वाढलेला माणूस उपनगरात बंगला बांधून पंचवीस वर्षं राहिला, तरी शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेच्याच टीमसाठी घसा फोडतो. गल्ली बदलणं म्हणजे आमच्याकडं जवळजवळ फितुरी. आणि हाच माणूस तावडे हॉटेलपाशी हायवेला लागला, की किणी टोलनाका येईपर्यंत सतरा वेळा गल्ली बदलतो. तुच्छतेनं लिहीत नाही. तो माणूस मीच.

याचं मूळ माझ्या मते स्कूटरमध्ये आहे. आमच्या पिढीचा हात बसला तो लेनवर नाही, फटीवर. महाद्वार रोडला हातगाडी आणि रिक्षा यांच्यात हँडलाएवढी फट दिसली की घालायची. दिसली आणि घातली नाही, तर मागचा घालायचा. पुढं चारचाकी आली, पण डोळा स्कूटरचाच राहिला. समोर साडेतीन मीटर रुंद, ऐसपैस लेन मोकळी असली तरी नजर शेजारच्या दोन ट्रकांमधली जागा मोजत असते.

नियम तसा दोन ओळींचा आहे. आपल्याकडं गाडी डावीकडून चालवायची. एका दिशेला दोन लेन असतील तर डावी चालायला आणि उजवी फक्त पुढं काढायला. पुढच्याला मागं टाकलं, तो आरशात पुरता दिसला, की परत डावीकडं यायचं. रेघ तुटक असेल तर ओलांडायची, सलग असेल तर नाही. बस्स. म्हणजे ‘कोणती लेन धरू?’ या प्रश्नाचं उत्तर पुण्यापर्यंतच्या सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरमध्ये जवळजवळ कायम एकच आहे.

आता डावी धरून बघा. पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली एमआयडीसीतून शिफ्ट सुटलेल्या मोटारसायकली. वैरणीचा भारा आडवा बांधून चाललेली एक लूना, जिची रुंदी नक्की किती हे तिच्या मालकालाही ठाऊक नसावं. मध्येच समोरून, म्हणजे उलट्या बाजूनं, हेडलाईट लावून येणारा एक शांत माणूस, कारण त्याला ‘हितंच तर जायचंय’. बिघडलेला ट्रक आणि त्याच्या मागं धोक्याची खूण म्हणून ठेवलेले दोन दगड अन् एक फांदी. शिवाय सहापदरीकरणाचं काम. चालू लेन कुठं सरकवलीय हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. एवढं झालं की सज्जनातला सज्जन माणूस उजवीकडं जातो आणि तिथंच घर करतो.

एकदा वाठारजवळ चहाला थांबलो होतो, तेव्हा शेजारच्या बाकड्यावर एक ट्रकवाले बसले होते. अर्धा तास मी ज्यांच्या मागं उजव्या लेनमध्ये डिपर मारत आलो होतो तेच. मनात छोटंसं भाषण तयार होतं. मी विषय काढला, तर ते म्हणाले, “डावी आमची, म्हाईत हाय की साहेब. पर डावीकडं गेलं की दर दोन मिनिटाला कोणतरी आडवं येतंय. सोळा टन माल थांबवायचा, परत उचलायचा, म्हंजे काय हो? ब्रेक, गिअर, डिझेल. उजवीला एकदा टाकली की पेठ नाक्यापतोर बघाय नको.” मी बिस्कीट चहात बुडवलं. भाषणातलं एकही वाक्य आता चालण्यासारखं नव्हतं.

तर असं उजवीकडं ट्रकांचं बिऱ्हाड बसल्यावर गाड्या डावीकडून पुढं काढतात. आणि डावीकडून पुढं काढण्यात काय धोका असतो हे मला पुस्तकानं नाही, एका गवळ्यानं शिकवलं. शिरोलीच्या अलीकडं, सकाळी साडेसातला. पुढं टँकर, उजवीकडं. मी डावीकडं फट बघितली आणि घातली. आरशात बघितलं होतं असं मी घरी सांगितलं, पण बघितलं नव्हतं. ठण्ण असा मोठा आवाज झाला. डावा आरसा दुमडून काचेला चिकटला, आणि खिडकीशेजारी मोटारसायकलवर दोन्हीकडं दुधाचे कॅन अडकवलेला एक माणूस, एक पाय जमिनीवर टेकून, डगमगत उभा. कॅनच्या झाकणाखालून दुधाची एक बारीक धार गाडीच्या दारावरून खाली चाललेली. मला वाटलं आता गर्दी जमणार. त्यानं आधी कॅनचं झाकण दाबून बसवलं, बोटानं कडेचं दूध पुसलं, मग वाकून आत बघितलं आणि म्हणाला, “ओ पावणं, आरसा काय केस विंचराय दिलाय व्हय?” माझ्या डोक्याकडं बघून हा प्रश्न त्याला तरी कसा सुचला कोण जाणे. पैसे देऊ केले तर ‘ऱ्हाऊ द्या, म्हशीनं लाथ मारली असं समजतो’ म्हणून निघून गेला. दारावरचं दूध वाळून त्याचा पांढरा ओघळ झाला होता. तो धुवायला मी दोन दिवस लावले.

त्यानंतर काही महिने मी फार शिस्तीत होतो. मग किणीनं घात केला.

टोलनाक्यावर रांग निवडणं हा माझ्या स्वभावातला जुना रोग आहे. फास्टॅग आल्यावर तो बरा होईल असं वाटलं होतं. २०२१ च्या फेब्रुवारीपासून सगळ्याच लेन फास्टॅगच्या झाल्या, पण पुढच्याच्या टॅगमध्ये पैसे आहेत का हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही ते नाहीच. मी निवडलेल्या रांगेत हमखास एक गृहस्थ खाली उतरून मोबाईल वर धरून रेंज शोधत असतो. पलीकडची रांग वाहत असते. मी तिकडं सरकतो. तिकडं तोच गृहस्थ, वेगळ्या शर्टात.

हे नशीब नसून हिशेब आहे हे मला फार उशिरा कळलं. तीन रांगा असतील तर तिन्हींत आपलीच सगळ्यांत पुढं जाण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोन वेळा शेजारचा कोणीतरी पुढं जाणारच. पण त्याहून गमतीचा हिशेब टोरांटोतले एक डॉक्टर, डोनाल्ड रेडेलमायर, आणि संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये मांडला. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखाच असला, तरी शेजारची लेन वेगवान वाटते. कारण साधं आहे. माझी रांग हलते तेव्हा पलीकडच्या थांबलेल्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात, त्यामुळं दहा गाड्या मी चुटकीसरशी मागं टाकतो. त्यांची रांग हलते तेव्हा त्या अंतर ठेवून, सुट्या सुट्या जातात, आणि त्याच दहा गाड्या मला ओलांडायला बराच वेळ घेतात. गाड्यांचा हिशेब फिटला, पण माझा जिंकण्याचा वेळ चिमूटभर आणि हरण्याचा वेळ मूठभर. शिवाय ज्यांना मी मागं टाकलं ते आरशात गेले, आणि आरशाशी माझं नातं वर सांगितलंच आहे. ज्यांनी मला मागं टाकलं ते समोर ठाण मांडून बसलेत.

हे सगळं मी एका रविवारी पुण्याहून येताना, किणीच्याच रांगेत, बायकोला समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ते डॉक्टर खरं असतील हो, पण तिकडची सुटली बघा.”

सुटली होती.

मी गेलो नाही. तेवढा अभिमान होता. टोल ओलांडून निघालो तर पुढं ऊस. हंगाम सुरू झाला की आमच्याकडं लेनचा प्रश्नच मिटतो. उजवीकडं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, दोन्ही ट्रॉल्यांना उसाची टोकं बाहेर आलेली, मागचा दिवा त्यात बुडालेला, आणि डेकवर एवढ्या मोठ्यानं गाणं की हॉर्न वाजवणं हा केवळ ताल धरणं ठरावं. डावीकडं तसाच दुसरा. त्याच्याही मागं ‘नाद खुळा’ लिहिलेलं. दोघं एकाच वेगानं, शेजारी शेजारी, जत्रेला निघालेल्या भावांसारखे. बायकोनं सीट मागं घेतली आणि डोळे मिटले. मीही काच खाली केली. ताज्या तोडीच्या उसाचा ओला, हिरवा वास आत आला. अर्धा तास मी एकदाही लेन बदलली नाही आणि त्याचं सगळं श्रेय कारखान्याला जातं.

कावळा नाक्यावर आलो तेव्हा अंधार पडला होता. ताराराणींचा घोडा आणि सिग्नल, दोन्ही जागच्या जागी. डावीकडची रांग छोटी दिसली म्हणून मी डावी धरली. जायचं होतं सरळ. ऐंशी आकडे उलटे मोजायचे होते, साठावर मागून हॉर्न सुरू झाला. आधी एक, मग तीन. आरशात बघितलं. हो, बघितलं. मागं दुचाक्यांची रांगच रांग, सगळ्यांना डावीकडं वळायचं आणि मी बूच बसवल्यासारखा मध्ये. एक पोरगा हेल्मेटची काच वर करून खिडकीशी आला.

“काका, सरळ जायाचं हुतं तर ह्या गल्लीत कशाला आलाय?”

त्यानं ‘गल्ली’च म्हटलं. मी डावा इंडिकेटर दिला, वळलो, आणि तीन सिग्नल लांबून घरी गेलो. बायको अजून डोळे मिटूनच होती. “वाट नवी वाटतीय,” एवढंच म्हणाली.